मशीनमध्ये दोष नव्हता

१

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुनम हसत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि माहेरी, धर्माबादला निघून गेली. नवरा दारात उभा होता. त्याला एवढंच म्हणाली, "हे तुम्हीच सांगितलंत. दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं."

हा नवरा म्हणजे माझा भाचा गंधार. लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्या काळात लातुरात क्लासच्या सराला काय मान होता म्हणून सांगू! रिक्षावाला सुद्धा 'सर, बसा' म्हणून आधी रुमालानं सीट पुसायचा. असा हा सर तिसऱ्या दिवशी नांदेडला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. मला 'मामा' म्हणाला, पण नजर माझ्यामागं, घरात.

मी रेणुकादास, रेल्वेच्या विभागीय कचेरीतून निवृत्त. खरं तर गंधार माझ्याकडे आलाच नव्हता. तो आला होता माझ्या बायकोकडे. विशाखानं जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता ती ग्राहकांच्या तक्रारी सोडवते. तिखटात वीटपूड निघाली, साडीचा रंग गेला, पंखा पहिल्याच उन्हाळ्यात बसला, की गाव आमच्या ओसरीवर. बसल्या जागी चोर सांगते. घरात मी आणलेला एकही पेरू आजवर तिच्या तपासणीतून सुटलेला नाही.

"मामी," गंधार म्हणाला, "पुनमची एक गोष्ट आहे. लग्नाआधी तिनं ती मला सांगितली. कुणाला सांगणार नाही, असं मी वचन दिलं होतं. आणि परवा भर हळदीकुंकवात बायका तिला तेच म्हणून हसल्या."

"कुठली गोष्ट?" मी विचारलं.

"मामा, ते नका विचारू."

"अरे वा! डॉक्टरकडे यायचं आणि कुठं दुखतं ते सांगायचं नाही!"

विशाखानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

"नको सांगूस," ती त्याला म्हणाली. "ते तुमचं दोघांचं आहे. मला एवढंच सांग, तू कुणापाशी बोललास?"

गंधार जमिनीकडे बघत म्हणाला, "कुणापाशीच नाही."

आणि रडायला लागला. सहा फुटी पोरगा, माझ्या बहिणीचा एकुलता एक. "ती येणार नाही हो मामी. रागावली असती तर मी पाया पडून आणली असती. पण तिचा माझ्यावरचा विश्वासच उडाला. आता काय तोंडानं जाऊ?"

विशाखानं त्याला गरम भाकरी वाढली, समोर बसून खायला लावली आणि झोपवला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पिशवी भरा. उद्या लातूर."

"बिचारा," मी म्हटलं. "खरंच कुणापाशी बोलला नसेल गं."

"रडला ते खरं," ती म्हणाली. "'कुणापाशीच नाही' म्हणाला ते खोटं."

२

लातूरला गंधारचं घर पाहून मी चाट पडलो. एवढा नावाजलेला सर, आजूबाजूला नव्या नव्या इमारती, आणि हा मालकाच्या घरामागं दोन पत्र्याच्या खोल्यांत राहतो!

"नवीन फ्लॅट का नाही घेतला रे?" मी विचारलं.

"पुनमला हेच आवडलं," तो म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

विशाखा मात्र सासूनं सुनेचं घर बघावं तसं घर बघत होती. स्वयंपाकघरात भिंतीला छान तीन फळ्या होत्या, त्यांवर कातरलेले कागदही अंथरले होते. पण फळ्या रिकाम्या. पातेली, डबे, तांबे, ताटं, सगळं खाली जमिनीवर, जुन्या गोधडीवर मांडलेलं. ती दुसऱ्या खोलीत गेली. पलंग दाराला खेटून. पलंगावरच्या भिंतीवर काहीच नाही, ना देवाची तसबीर, ना लग्नाचा फोटो. सगळे फोटो समोरच्या भिंतीला टेकवून खाली ठेवलेले. दाराला आतून कडी होती, पण तिला गंज चढलेला.

"पुनम अव्यवस्थित आहे का गं?" मी कुजबुजलो.

"उलट," विशाखा म्हणाली. "फार व्यवस्थित आहे."

तेवढ्यात घरमालकीण मालविकाबाई आल्याच. भिंतीला कान असतात म्हणतात, इथं भिंतीला अख्ख्या बाई होत्या.

"मी तर रोज बघून राहिले ना ताई," त्यांनी बसता बसता सुरू केलं. "दसऱ्याला नवा कोरा फ्रिज आला. पंधरवड्यात टेम्पोत घालून परत! दिवाळी झाली, वॉशिंग मशीन आलं. ते बी परत! मी ह्यांना म्हटलं, माहेरच्यांनी दिलेलं असंल, सरांना पसंत पडलं नसंल. पण कारण काय ते पोरगी काही बोलली नाही. मी चार येळा विचारलं."

"चारच?" मी म्हटलं. विशाखानं माझ्या पायावर पाय दिला.

"हळदीकुंकवाला तुम्ही होतात ना?" तिनं विचारलं.

"होते की. मुग्धा मॅडमच्या बंगल्यात. त्यांचं पोरगं सरांच्याच क्लासला हाय." मालविकाबाईंचा आवाज उतरला. खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पुनम वाण घ्यायला वाकली अन् मुग्धा मॅडम हसून म्हणाल्या, 'अगं बाई, वॉशिंग मशीन लावलं की झटका येऊन अंगणात पळते ती तूच का?' समद्या हसल्या. मी नाही हसले, देवाशप्पथ. पोरगी पांढरी पडली. वाण तिथंच ठेवलं अन् गेली."

"आणि फ्रिजबद्दल काय म्हणाल्या?"

"फ्रिज? फ्रिजचं कोणीच काही बोललं नाही."

विशाखानं माझा दंड असा दाबला की वळ उठला. ती खूश झाली की मला हेच बक्षीस मिळतं.

३

अंगणात गंधार डोकं धरून बसला होता. विशाखा त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"तुझं वचन मी मोडायला लावत नाही," ती म्हणाली. "मीच बोलते. तू 'हो' नको म्हणूस आणि 'नाही'ही नको. वर फळी असून भांडी खाली ठेवतात, कारण वरून पडली की डोक्यात बसतात. डोक्यावर तसबीर नाही, डोक्यावर छत आहे ते पत्र्याचं, दगडामातीचं नाही. झोपायची जागा दाराशी आणि दार कधी लावायचंच नाही. हे घर मांडणारी मुलगी किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली आहे."

गंधारनं मान वर केली नाही.

"ती धर्माबादची म्हणून आपल्याला माहीत. पण शेषेराव आणि विठाबाई तिचे काका-काकू आहेत, आईबाप नाहीत, एवढं लग्नात कळलं होतं. आईबाप कुठं गेले ते आपण कुणी विचारलं नाही. फ्रिज बंद होताना एक आचका देतो, आसपासची भांडी वाजतात. मशीन कपडे पिळताना अख्खी फरशी थरथरते. त्या पहाटे सगळ्यात आधी भांडीच वाजली होती. लातूर जिल्ह्यात वाचलेल्या कुणालाही विचार."

आता गंधार रडत नव्हता, नुसता ऐकत होता. मलाच हुंदका आला. आठ-नऊ वर्षांची असेल हो तेव्हा ती. लग्नानंतर आमच्या घरी आली की सगळ्यांत आधी दाराशी बसायची, आणि मी तिला 'पुनम, पळून जायची घाई आहे का' म्हणून चिडवायचो.

"आता तू सांग," विशाखा म्हणाली. "कुणाला सांगितलंस?"

गंधार म्हणाला, "दुकानात."

फ्रिज परत करताना त्यानं 'बिघडलाय' अशी थाप मारली. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, बिघाड काही निघाला नाही. फ्रिज कंपनीत परत गेला आणि दुकानदार चिडला. मशीनच्या वेळी मॅनेजर दयानंद अडून बसला. नाव सांगा, मोबाईल सांगा, राहता कुठं ते सांगा, काम कुठं करता ते सांगा. ते सगळं झालं. मग म्हणाला, आता कारण सांगा, आणि खरं सांगा. मागच्या वेळचं खोटं निघालं, आम्ही काय खुळे आहोत का?

"घरी रोज ते मशीन झाकून ठेवायचो," गंधार म्हणाला. "ती म्हणायची, राहू द्या, सवय होईल मला. आणि रात्रभर जागी. म्हटलं, काहीही करून हे घराबाहेर गेलं पाहिजे. मी दयानंदला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं. त्यानं छातीवर हात ठेवला, म्हणाला, 'सर, माझ्यापाशीच राहील हे.'"

"झालं तर मग!" मी उठलोच. "चोर सापडला. चला त्या दयानंदाकडे, बघतोच त्याच्याकडे!"

"बसा खाली," विशाखा म्हणाली. "दयानंदनं गप्पा मारल्या नाहीत."

४

मी बसलो, पण कुरकुरत. ती मात्र कारण सांगेना. म्हणाली, आधी त्या दुसऱ्या सराला भेटू.

दुसरा सर म्हणजे वरद. त्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. गंधारच्या बॅचला गर्दी, त्याच्या बॅचला बाकं रिकामी, अशी मला बातमी होती. मनात मी त्याला कधीच आरोपी ठरवून टाकलं होतं. चहाच्या टपरीवर भेटला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड.

"गंधारच्या घरचं ऐकलंत ना तुम्ही?" विशाखानं सरळ विचारलं.

"ऐकलं. वाईट वाटलं," तो म्हणाला. "पालकच बोलत होते. वहिनींना म्हणे मेंदूचा काही त्रास आहे. मी दोघांना गप्प केलं. तुम्हाला वाटत असेल हा मनातून खूश असेल." तो ओशाळून हसला. "बॅचवरून भांडतो आम्ही, ते खरंय. पण फ्रिज आणि मशीन, दोन्ही वेळेला टेम्पो माझ्याच भावाचा होता. मी स्वतः हात लावला उचलायला. मला बोलायचं असतं तर तेव्हाच बोललो नसतो?"

"कारण विचारलं नाहीत?"

"विचारलं. गंधार म्हणाला, सोड. सोडलं."

परत येताना मी म्हटलं, "हा तर सज्जन निघाला. फुकट गेला माझा संशय."

"जाऊ द्या, दुसरा कुणी मिळेल तुम्हाला," विशाखा म्हणाली. मग रस्त्यातच थांबली. "अहो, मालविकाबाईंनी दोन वस्तू परत जाताना पाहिल्या. वरदनं दोन उचलल्या. दयानंदनं दोन परत घेतल्या. यांच्यापैकी कुणीही तिखटमीठ लावून सांगितलं असतं तर काय म्हणाला असता? 'आधी फ्रिज, मग मशीन! एक सोडून दोन!' मजा त्यातच आहे ना. पण गावात नुसत्या मशीनचीच चर्चा आहे. म्हणजे ही गोष्ट अशा माणसापासून निघाली, ज्याला फ्रिज परत गेल्याचं माहीतच नाही. ज्याची गाठ फक्त त्या एका मशीनशी पडली."

"असा कोण?"

"फ्रिज कंपनीत गेला. मशीन कुठं गेलं?"

मी डोकं खाजवलं.

"चला," ती म्हणाली. "आपल्याला मिक्सर घ्यायचाय."

"आपला चांगला चालतोय की!"

"अहो, चला म्हटलं ना!"

५

दुकान मोठं होतं. नाव मी सांगणार नाही. गंधारला बाहेर पानपट्टीपाशी उभा केला आणि आम्ही दोघं गरीब म्हातारा-म्हातारी होऊन आत गेलो. समोर श्रीमंत नावाचा सेल्समन. केस पांढरे व्हायला आलेले, जिभेवर साखर.

"नवा परवडत नाही बाबा," विशाखा म्हणाली. "कुणी परत केलेला असला तरी चालेल."

"हाय की मावशी!" त्यानं मागून एक खोकं आणलं. "हा बघा. बिलकुल नवा."

"मग परत कशाला आला? बिघडलेला असेल."

"अहो, बिलकुल दोष न्हाई! दोष असता तर मी सांगितलं असतं." तो पुढं झुकला. "इथल्याच शाळेचे वीरण्णा मास्तर हायत ना, देवळामागच्या गल्लीत राहतात, त्यांचा हाय. बायकोच्या वाढदिवसाला नेला. अन् बाई त्याच आठवड्यात दवाखान्यात गेल्या त्या आल्याच न्हाईत. मास्तर खोकं पोटाशी धरून आले परत द्यायला. रडत होते. सील सुद्धा फोडलेलं न्हाई, बघा, हात लावून बघा!"

मला हात लावायचा धीर झाला नाही. कोण कुठले मास्तर, त्यांचं दुःख माझ्यासमोर असं मांडलं होतं, आणि ते कशासाठी, तर मिक्सर चांगला आहे हे पटावं म्हणून. मला त्या माणसाची लाज वाटली आणि आपण ते ऐकलं याचीही.

विशाखाचा आवाज मात्र तसाच होता. "आणि परत आलेलं वॉशिंग मशीन आहे का रे? भाचीला पाहिजे."

"होतं, पण गेलं मावशी. संक्रांतीच्या आधीच गेलं. मुग्धा मॅडमनी नेलं. त्या बी तुमच्यासारखंच म्हणत होत्या, बिघडलेलं असेल. मी म्हटलं, मशीन टकाटक हाय मॅडम, घेणारीच घाबरट! क्लासचे गंधार सर, त्यांची बायको भूकंपातली हाय म्हणे. भांडी वाजली की बिचारी अंगणात पळते. मग पटलं त्यांना. लगेच घेतलं."

"श्रीमंत!"

मागं दयानंद उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. विशाखानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि एकदम शाळेतली विशाखाबाई झाली.

"दयानंदराव, सरांनी तुम्हाला कानात सांगितलं होतं. तुम्ही छातीवर हात ठेवला होतात."

"बाई, मी बाहेर कुणापाशी एक शब्द बोललो नाही," तो कळवळून म्हणाला. "आईची शपथ. फक्त श्रीमंतला सांगितलं. परत आलेला माल खपत नाही हो. गिऱ्हाईक आधी विचारतं, का परत आला? म्हणून आमच्यात पद्धतच आहे, विकणाऱ्याला कारण सांगून ठेवायचं."

"म्हणजे मशीनची अब्रू राखायला तुम्ही बाईची काढलीत."

दयानंदनं मिक्सरचं खोकं बाजूला सरकवलं. टीव्हीच्या रांगेत कुठलीशी मालिका चालू होती.

"श्रीमंतनं सांगताना भूकंप सांगितला होता," विशाखा म्हणाली. "तो खोटं बोलला नाही. पण मुग्धाबाईंनी चौघींना सांगताना भूकंप मागं राहिला आणि त्याच्या जागी झटका आला. पुढच्या तोंडी त्याचा मेंदूचा आजार झाला. आणि इकडं एक मुलगी असं समजून बसली, की आपलं काळीज नवऱ्यानं बाजारात नेऊन ठेवलं."

श्रीमंत खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मला तर ती बाई कोण ते ठाऊक बी न्हाई. वाईट बोललो असं मला वाटलंच न्हाई."

"तुला वाटलं नाही, हेच मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. पण रागानं नाही. "वस्तू चांगली आहे की नाही, ते वस्तू चालवून दाखवा. गॅरंटी द्या. कुणी परत का केली, हे विकायचा माल नाही. आणि परत घेताना नाव-गाव लागत असेल तर घ्या, पण तिथंच थांबा. 'नको आहे' एवढं कारण पुरे."

दयानंदनं दोन्ही हात जोडले. "मी सरांच्या मिसेसच्या पाया पडायला जातो. कुठं असतात त्या? पत्ता देता का?"

"पुन्हा पत्ता!" मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

त्याला पटलं. त्यानं आमच्यासमोर सगळ्या सेल्समनना बोलावलं आणि ती पद्धत बंद केली. पाच जणांचे पाच चेहरे उतरले होते. वीरण्णा मास्तरांचं खोकं त्यानं स्वतः उचलून आत नेलं.

बाहेर आलो तर गंधार धावत पुढं आला. "मामी, कळलं? गावात मी नाही ना पसरवलं? आता पुनमला सांगता येईल ना, की चूक दुकानाची होती?"

विशाखानं त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. "चोर सापडला रे बाळा," ती म्हणाली. "पण तुझी सुटका नाही झाली."

६

धर्माबादला गाडीतून उतरलं की नाकात मिरची शिरते. शेषेरावांच्या अंगणातही लाल मिरची वाळत घातली होती. शेषेराव पुढं आले, पाणी दिलं, 'या पाव्हणं' म्हणाले, पण जावयाकडे बघितलं नाही. विठाबाई मात्र पदरात तोंड लपवून उभ्या राहिल्या.

"काही बोलंना झालीय," त्या विशाखाला म्हणाल्या. "जेवंना. आमी बी ईचारलं न्हाई. ती ल्हान हुती तवापासून आमी काईच ईचारलं न्हाई तिला. निजताना दार उगडं ठिवतो, बस. थंडी असू, पाऊस असू. ह्यास्नी दमा हाय, तरी उगडंच."

शेषेराव दुसरीकडे बघत म्हणाले, "त्याचं काय येवढं. लेकरू हाय."

पुनम बाहेर आली. डोळे सुजलेले, पण मान ताठ. गंधार उभा राहिला. वाटेत गाडीत त्यानं सगळं घोकून ठेवलं होतं: दयानंद काय म्हणाला, श्रीमंत काय म्हणाला, मुग्धाबाई काय म्हणाल्या. मला वाटलं, आता हा धडाधड सांगणार.

"पुनम," तो म्हणाला, "मी सांगितलं. दुकानात, मॅनेजरच्या कानात. मशीन परत घ्यावं म्हणून. तिथून ते गेलं. दुकानानं केलं ते केलं, पण तोंड पहिल्यांदा मी उघडलं. आणि मामींपाशी सुद्धा मी खोटं बोललो."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला का नाही विचारलंत?" ती म्हणाली. "मी आले असते दुकानात. मी सांगितलं असतं, नाहीतर नसतं सांगितलं. नसतं सांगितलं, तर राहिलं असतं ते मशीन घरात, झाकून. पण ते माझं होतं हो."

"हो," तो म्हणाला. "तुझं होतं."

कारणं दिली नाहीत, 'तुझ्याचसाठी केलं' असंही म्हणाला नाही. मला माझ्या भाच्याचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्याच्या क्लासच्या पोरांचे निकाल लागतात तेव्हाही वाटत नाही.

पुनम म्हणाली, "तुम्हाला मी सगळं कुठं सांगितलंय? भांड्यांचं सांगितलं. पहाटे भांडी वाजली तेव्हा मी काय केलं, ते कुठं सांगितलंय."

विशाखा लगेच उठली. "विठाबाई, तुमची ती मिरची बघायचीय मला," असं म्हणून त्यांना घेऊन निघाली, आणि माझ्या सदऱ्याची बाही ओढून मलाही उठवलं. शेषेरावही काठी घेऊन बाहेर आले. अंगणाच्या पार टोकाला, जिथं आवाज येत नाही, तिथं आम्ही चौघं मिरचीभोवती उभे राहिलो. शेषेराव मला मिरचीच्या जाती सांगत होते आणि मी 'हाव, हाव' करत चोरून मागं बघत होतो.

पुनम बोलत होती. दिवसभर शेकडो पोरांना शिकवणारा माझा भाचा एक अक्षर न बोलता ऐकत होता. ऐकता ऐकता तो खाली बसला. थोड्या वेळानं तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खरं तर रडायचं तिनं, आणि धीर देत होती तीच. विठाबाईंनीही ते पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मिरचीचा खाट लई हाय आज, डोळ्यांत जातोय."

संध्याकाळच्या गाडीला आम्ही चौघं निघालो. पुनमच्या पिशवीत त्याच दोन साड्या होत्या आणि वर विठाबाईंनी दिलेलं किलोभर तिखट. शेषेराव स्टेशनपर्यंत आले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून जावयाचा हात धरून म्हणाले, "दार उगडं ठिवत जा रं बाबा." गंधार म्हणाला, "ठेवतो, काका."

डब्यात समोरच्या बाकावर दोघं झोपून गेले. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर, त्याचं डोकं खिडकीच्या गजावर. मी विशाखाकडे सरकलो.

"काय गं," मी हळूच म्हटलं, "तुला अंदाज आला असेल ना? त्या पहाटे काय झालं होतं? पोरीनं काय केलं होतं?"

"आलाय."

"मग सांग की! मी काय परका आहे?"

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर अंधारायला लागलं होतं. मग माझ्याकडे वळली आणि अगदी हळू, समोरच्यांची झोप मोडणार नाही अशा आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या धाकट्या भावाचं नाव काढलं की तुम्ही उठून बाहेर का जाता, हे आजवर मला कितीतरी जणांनी विचारलं. मी सांगितलं का कुणाला?"

तिला ते ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि नांदेड येईपर्यंत सोडला नाही.